नदीच्या वर आणि नदीच्या खालीं : सायकलीच्या दोन सहली

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. सकाळीं दहाच्या सुमारास लकडी पुलावर क्षणभर उभें राहिलें, तर कचेरीस निघालेले कारकून, महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी, शिकवण्या करणारे मास्तर, दुधाच्या किटल्या अडकविलेले गवळी असा सारा संसार दोन चाकांवरून पलीकडे जातांना दिसे. सायकलीला दरसाल नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागे. रात्रीं दिवा नसला किंवा मागें दुसरा माणूस बसविला तर पोलीस हटकीत, आणि दंड भरावयास खिशांत पैसे नसले तर चाकांतील हवा सोडून देऊन त्या इसमास घरापर्यंत चालावयास लावीत. हें सारें आतां आजोबांच्या गोष्टींत जमा झालें आहे. सायकलीची जागा स्कूटरनें घेतली, स्कूटरच्या शेजारीं मोटार येऊन उभी राहिली, आणि घरोघरची काळी सायकल जिन्याखालीं गंजत पडली.

गेल्या कांहीं वर्षांत ती पुन्हां घरांत आली आहे, पण निराळ्या वेषांत. तिला एकवीस गिअर असतात, तिची किंमत ऐकून वडील माणसें हबकतात, आणि तिच्यावर बसणारा तरुण पहाटे निघून न्याहारीच्या आंत शंभर किलोमीटर उरकून परत येतो. अशा तरुणांविषयीं आम्हांस आदरच आहे. मात्र वाटेंत काय पाहिलें असें त्यांस विचारावें, तर पुढच्या गड्याचें मागचें चाक, याखेरीज फारसें उत्तर मिळत नाहीं. प्रस्तुत लेख त्यांच्यासाठीं नाहीं. ज्या घरांत वडील पन्नाशीकडे झुकले आहेत, आईनें लग्नानंतर सायकलीस हात लावलेला नाहीं, मुलगी नववींत आहे आणि रविवार कसा घालवावा हा दर आठवड्याचा वाद आहे, अशा घरासाठीं तो आहे. ताशीं बारा किलोमीटर ही आमची मर्यादा. या गतीनें जोडीदाराशीं बोलतां येतें, मनांत येईल तेथें उतरतां येतें, आणि आमच्या पणजोबांच्या पिढीनें या वाहनास 'पायगाडी' असें जें नांव दिलें होतें, त्याची यथार्थता पटते.

पुण्याच्या आसपास जाण्यासारखीं स्थळें पुष्कळ आहेत आणि त्यांच्या याद्या कोणासहि करतां येतील. आमचें म्हणणें थोडें वेगळें आहे. स्थळ ठरविण्यापूर्वीं नदी पाहावी. मुठा पश्चिमेकडून येते, संगमावर मुळेस मिळते, आणि मुळा-मुठा या जोडनांवानें भीमेला भेटावयास पूर्वेकडे जाते. पुणेकरानें पश्चिमेस तोंड केलें कीं तो नदीच्या वरच्या अंगास निघाला, पूर्वेस केलें कीं खालच्या अंगास. पश्चिमेच्या वाटेवरचा चढ डोळ्यांस दिसत नाहीं, पण गुडघ्यांस बरोबर कळतो. त्यांतून पावसाळ्यांत वाराहि पश्चिमेचाच असतो. म्हणून आषाढ-श्रावणांत पश्चिमेस जावें. सारे कष्ट जातांना होतात, आणि परततांना उतार व वारा दोघेहि पाठीशीं असतात. पूर्वेची सहल याच दिवसांत केली तर नेमका उलटा प्रकार होतो. दमलेल्या मंडळींस घराकडे येतांना वाऱ्याशीं झुंजावें लागतें आणि पुढच्या रविवारीं सायकलीचें नांव कोणी काढीत नाहीं. पूर्वेस जावयाचें तें मार्गशीर्ष-पौषांत, जेव्हां सकाळची हवा स्तब्ध असते. उगवता सूर्य डोळ्यांवर येतो एवढीच अडचण. तिला पुढें झांप असलेली टोपी हा उपाय आहे, आणि शिरस्त्राण घालणाऱ्यांच्या शिरस्त्राणासच तशी झांप असते.

नदी पाहून निघावें असें म्हणण्यास दुसरेंहि कारण आहे. शहर जें पाणी घेतें तें वरच्या अंगास दिसतें. जें परत देतें तें खालच्या अंगास. मोटारींतून हे दोन्ही प्रवास केले तर एक धरण, एक देऊळ आणि दोन उपाहारगृहें एवढेंच लक्षांत राहतें. सायकलीवरून केले तर एकाच पाण्याच्या दोन अवस्था पाहावयास मिळतात, आणि त्या पाहिल्यावांचून पुण्याचा नागरिक म्हणविणें आम्हांस थोडें अपुरें वाटतें. या दोन सहली आम्ही एकमेकींस जोडून सांगत आहों, तें यासाठीं.

तयारीविषयीं फार लिहावयास नको. आदल्या रात्रीं चाकांत हवा भरून ठेवावी, दोन्ही ब्रेक दाबून पाहावे, साखळीस थेंबभर तेल द्यावें. बैठकीची उंची मात्र ज्याची त्यास नीट करून द्यावी. पायडल अगदीं खालीं गेलें असतां पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. आमच्या घरांतील बायकामाणसांची पाठ आणि गुडघे दुखतात ते बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मापानें लावलेल्या बैठकीमुळें. दोष मात्र वयास दिला जातो. हवेचा पंप, एक जादा ट्यूब आणि पाण्याच्या बाटल्या, एवढें बरोबर असलें म्हणजे झालें. साडीवरून सायकल चालविणाऱ्या भगिनी पुण्यानें एके काळीं पुष्कळ पाहिल्या. आज सलवार-कमीज किंवा विजार सोयीची, हें सांगावयास नकोच.

आतां पहिली सहल. लकडी पुलापासून खडकवासल्याचें धरण सिंहगड रस्त्यानें सुमारें १५ किलोमीटर आहे. पण हा रस्ता सकाळीं सातनंतर सायकलीचा राहत नाहीं. त्यापेक्षां कर्वे रस्त्यानें कोथरूड, कर्वेनगर, वारजें, शिवणें असें जावें आणि शिवण्याच्या पुलावरून मुठा ओलांडून नांदेड गांवाच्या अंगास उतरावें. थोडें अंतर वाढतें, दीड तास लागतो. पण मुलांना पुढें घालून चालतां येतें. ही वाटहि आतां घरांनीं भरली आहे, हें खरें. शेतें पाहावयाचीं या आशेनें निघालेल्यांची शिवण्यापर्यंत निराशाच होईल. तथापि वाटेंतील कर्वेनगर म्हणजे पूर्वींचें हिंगणें बुद्रुक. १९०० सालीं अनाथ बालिकाश्रम येथें माळावरच्या एका झोंपडींत आणला गेला, आणि धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयांतील शिकविणें आटोपून पायीं चिखल तुडवीत येथें येत. कोथरुडाचा चढ चढतांना धांप लागली कीं आमच्या मुलीस आम्ही त्यांची आठवण करून देतों. याचा उपयोग होतोच असें नाहीं.

नांदेडच्या पुढें किरकटवाडी ओलांडली कीं डाव्या-उजव्या हातांस डोंगर जवळ येऊं लागतात आणि हवेंत गारवा जाणवतो. धरणाच्या अलीकडे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेचें विस्तीर्ण आवार आहे. १९१६ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंत देशांतील धरणें आणि बंदरें यांच्या लहान प्रतिकृति बांधून त्यांतून पाणी सोडून पाहतात. खऱ्या धरणाचा खर्च होण्यापूर्वीं पाण्याचें मन जाणून घेण्याची ही युक्ति मोठी शहाणपणाची आहे.

आणि मग समोर धरण येतें. दगडी बांधणीचें हें धरण १८७९ सालीं पुरें झालें. पूर्वीं पुण्याच्या पेठा नानासाहेब पेशव्यांच्या काळच्या कात्रजच्या नळावर, त्या नळाच्या हौदांवर आणि विहिरींवर राहत असत. खडकवासल्यानें ती व्यवस्था बदलली. पुणें व खडकी येथील लष्करी वस्तीस पाणी, शहरास पाणी, आणि कालव्यानें पूर्वेकडील दुष्काळी भागास पाणी असा तिहेरी हेतु त्यांत होता. कर्नल फाइफ या इंजिनिअराच्या नांवानें जलाशयास त्या काळीं 'लेक फाइफ' म्हणत. १९०३ सालीं येथील सांडव्यावर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं शोधून काढलेलीं स्वयंचलित दारें बसविलीं गेलीं. पाणी ठराविक पातळीच्या वर चढलें कीं तीं आपोआप उघडत आणि उतरलें कीं मिटत. विश्वेश्वरय्या पुण्याच्याच इंजिनिअरिंग महाविद्यालयाचे विद्यार्थी, ही गोष्ट पुणेकर सहसा सांगावयास विसरत नाहींत. आम्हीहि विसरलों नाहीं.

धरणाच्या भिंतीकडे पाहतांना १२ जुलै १९६१ हा दिवस आठवल्यावांचून राहत नाहीं. वरच्या अंगास पानशेतचें मातीचें धरण पुरें होण्याच्या आधींच त्या सकाळीं फुटलें. त्याचें पाणी खडकवासल्यावर आलें, आणि ब्यायशीं वर्षें उभी असलेली ही दगडी भिंतहि त्याच दिवशीं भंगली. मुठा लकडी पुलावरून वाहिली; नारायण, शनिवार, कसबा या पेठांतील वाडे कोसळले. पुराचें पाणी ओसरलें तरी शहर पिण्याच्या पाण्यावांचून राहिलें, कारण ज्या तळ्यांतून तें यावयाचें तें तळेंच वाहून गेलें होतें. तो दिवस पाहिलेलीं माणसें अजून कांहीं घरांत आहेत. मुलांना येथें आणण्यापूर्वीं आदल्या रात्रीं त्यांच्या तोंडून ती हकीकत ऐकवावी. मग भिंत नुसती भिंत राहत नाहीं.

आज खडकवासल्याच्या वर तीन धरणें आहेत: मुठेवर टेमघर, मोशीवर वरसगांव आणि आंबीवर पानशेत. तिघांचें पाणी या एका जलाशयांत उतरतें आणि येथून पुण्याच्या नळांस जातें. कालवाहि येथूनच निघून शहराच्या पोटांतून हडपसर, दौंड, इंदापूर या बाजूस जातो. पलीकडच्या तीरावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचें राखलेलें रान आहे. तिची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं बसविली गेली. सामान्य माणसास तेथें मुक्त प्रवेश नाहीं, आणि म्हणूनच तो कांठ हिरवा राहिला आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. अलीकडच्या कांठावर कणसें, भजीं आणि चहा यांच्या गाड्या ओळीनें उभ्या असतात. पावसाळी रविवारीं दुपारपर्यंत तेथें मोटारींची अशी दाटी होते कीं, तळें दिसण्याऐवजीं तळें पाहावयास आलेले लोकच दिसतात. सायकलस्वार साडेसातास पोहोंचून नवास परत फिरलेला असतो. त्यास हा त्रास नाहीं. वरून सिंहगड खुणावीत असतो. तरुणांनीं पुढें गोळेवाडीपर्यंत जावें व गड पायीं चढावा. कुटुंबवत्सल मंडळींनीं कणीस खाऊन परतावें.

कणीस खातांना आमच्या मुलीनें एक प्रश्न केला होता. एवढें पाणी शहरांत जातें, तर वापरून झाल्यावर तें जातें कोठें? मोरींत, असें उत्तर मीं दिलें. मोरींतून पुढें कोठें, असें तिनें विचारलें. त्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं चार महिन्यांनीं दुसरी सहल काढावी लागली.

मधल्या काळांत लहान फेऱ्या करून पायांची संवय ठेवावी. पाषाणचें सोमेश्वर, रामनदीच्या कांठचें जुनें दगडी देऊळ, हें शिकाऊ मंडळींस उत्तम. वेताळ टेकडीच्या कडेनें झाडींतून रस्ता जातो. येरवड्याच्या बाजूस आगाखान राजवाडा आहे, जेथें १९४२ ते १९४४ पर्यंत गांधीजी बंदींत होते आणि जेथें महादेवभाई देसाई व कस्तुरबा यांच्या समाधि आहेत. आळंदी वीस-बावीस किलोमीटर. विश्रांतवाडी-दिघीवरून जाणारा हा पालखीचा रस्ता रुंद झाला आहे, त्यामुळें वाहनेंहि वेगानें जातात. कार्तिक वद्यांतील यात्रेच्या आठवड्यांत तिकडे सायकल नेऊं नये. त्या दिवसांत तो रस्ता चालणाऱ्यांचा असतो.

दुसरी सहल थेऊरची. सोलापूर रस्त्यानें लोणी काळभोर ओलांडून डावीकडे वळलें कीं थेऊर, असें सर्वांस ठाऊक असतें, आणि मोटारी तशाच जातात. सायकलस्वारानें त्या रस्त्याचें नांवहि काढूं नये. ऊस, वाळू आणि लोखंड वाहणाऱ्या ट्रकांच्या शेजारून कुटुंब नेणें हें साहस नव्हे, अविचार आहे. बंडगार्डन, कोरेगांव पार्क, मुंढवा, मांजरी बुद्रुक, तेथून नदी ओलांडून मांजरी खुर्द, कोलवडी आणि पुन्हां पुलावरून थेऊर अशी आंतली वाट आहे. अंतर सुमारें २५ किलोमीटर. पहाटे सहास निघालें तर वाटेंत चहा घेऊनहि नवाच्या आंत देवळांत पोहोंचतां येतें.

मुंढव्याच्या पुलाशीं मुलीच्या प्रश्नाचें उत्तर भेटलें. प्रथम तें नाकास कळतें. शहराचें मैलापाणी शुद्ध करण्याचीं केंद्रें आहेत, नवींहि बांधलीं जात आहेत. पण सारें मैलापाणी त्यांत शुद्ध होत नाहीं, आणि उरलेलें तसेंच नदींत उतरतें. पुलावरून पाहतांना मात्र दृश्य असें दिसतें कीं फसावें. नदीचें पात्र एखाद्या हिरव्या गालिच्यासारखें, आणि त्यावर जांभळ्या फुलांचे तुरे. ही जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पति शोभेसाठीं जगभर नेली गेली, आणि सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद खाऊन ती अशी माजते कीं पाण्यास ऊन व हवा मिळत नाहीं. खालचे मासे गुदमरतात, वर डांस वाढतात. मुलीनें फुलें सुंदर आहेत असें म्हटलें, आणि तें खोटें नव्हतें. मुंढव्याजवळच नदीचें पाणी पंपांनीं उचलून 'बेबी' कालवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका जुन्या कालव्यांत सोडतात, आणि तें पूर्वेकडील शेतांस जातें. खडकवासल्याचें चांगलें पाणी शहरानें अधिक घ्यावें व वापरलेलें पाणी शुद्ध करून शेतास द्यावें असा हा व्यवहार आहे. व्यवहार म्हणून तो योग्यच. फक्त 'शुद्ध करून' या दोन शब्दांवर सारें अवलंबून आहे, आणि ते शब्द कितपत खरे ठरतात हें कागदावर वाचण्यापेक्षां पुलावर उभें राहून पाहावें.

मांजरीपासून मात्र जीव सुखावतो. दोन्ही बाजूंस ऊस, मधूनच भाजीचे मळे, गुलाबांच्या रोपवाटिका, बैलगाडीपेक्षां ट्रॅक्टर अधिक, पण रस्ता अरुंद आणि वळणांचा. मांजरी बुद्रुकास वसंतदादा साखर संस्था आहे. सहकारी साखर कारखान्यांनीं १९७५ सालीं ती स्थापन केली आणि उसाच्या नव्या जातींचें काम तेथें चालतें. थंडीच्या दिवसांत सकाळीं उसावर दहिंवर असतें, आणि त्यांतून जाणाऱ्या सायकलस्वाराच्या बोटांस तें चांगलेंच झोंबतें. हातमोजे विसरूं नयेत. मांजरी खुर्दाकडे जातांना नदी दुसऱ्यानें भेटते, कोलवडीनंतर तिसऱ्यानें. दर वेळीं हिरवा गालिचा आहेच.

थेऊरला नदी तीन बाजूंनीं वळसा घालते. अष्टविनायकांपैकीं चिंतामणि तो हाच. गण नांवाच्या राजपुत्रानें कपिलमुनींचा चिंतामणि हिरावून घेतला, गणेशानें तो परत आणून दिला, आणि मुनींनीं तो कदंबवृक्षाखालीं गणेशाच्याच गळ्यांत घातला, अशी कथा. मूर्ति पूर्वाभिमुख आहे, मुख्य महाद्वार मात्र उत्तरेस. लांकडी सभामंडपांत बसलें कीं बाहेरच्या प्रसादाच्या दुकानांचा कलकलाट अर्धा होतो. थोरले माधवराव पेशवे यांचें हें आवडतें स्थान. पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षीं, कर्जांत बुडालेलें व खचलेलें राज्य त्यांच्या हातीं आलें. अकरा वर्षांत त्यांनीं तें सांवरलें. आणि राजयक्ष्म्यानें जर्जर होऊन ते येथें, चिंतामणीच्या सन्निध, येऊन राहिले. १८ नोव्हेंबर १७७२, कार्तिक वद्य अष्टमी, या दिवशीं येथेंच त्यांचा अंत झाला. तेव्हां त्यांचें वय सत्तावीस वर्षांचें होतें. रमाबाई त्यांच्या मागोमाग सती गेल्या. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) ही कादंबरी ज्या घरांत वाचली गेली नाहीं असें सुशिक्षित मराठी घर विरळा. पण ती वाचून रडलेल्यांपैकीं नदीकांठच्या समाधीपर्यंत किती जण जातात, हें तेथील निवांतपणावरूनच कळतें. दर्शनाची रांग देवळांत असते, समाधीशीं नसते.

देवळापासून समाधि थोड्याच अंतरावर आहे. सायकली हातांत धरून चालत जावें. लहानसें साधें वृंदावन, झाडांची सांवली, आणि खालीं नदी. माधवराव ज्या पाण्याकडे पाहत पडून असत तें हेंच पात्र. वरच्या अंगास चार महिन्यांपूर्वीं आम्ही डोळे भरून पाहिलेलें पाणीहि शहरांतून फिरून येथेंच आलें होतें. मुलगी कांठापर्यंत उतरली आणि पाय न बुडवितां परत आली. तिला कोणी अडविलें नव्हतें.

घरीं तीर्थाची वाट पाहणाऱ्या आजी असतील तर त्यांच्यासाठीं देवळांतून अंगारा घ्यावा. नदीचें पाणी नेऊं नये. दहास परतीला लागावें. तोंवर ऊन पाठीवर येतें, मांजरीस रसवंतीचीं दुकानें उघडलेलीं असतात, आणि आलें व लिंबू घातलेल्या उसाच्या रसाचा एकेक पेला घेतला म्हणजे उरलेले पंधरा-सोळा किलोमीटर मुलेंहि कुरकुर न करतां कापतात.